देवळीच्या देवघरातला खाकी लिफाफा

वर्धा जिल्ह्यात बाहेरची माणसं बहुधा आश्रम पाहायला जातात. हात जोडतात, शांत होतात आणि परत आल्यावर चार दिवस कमी बोलतात. मी गेले ती धाकट्या बहिणीवर, कुसुमवर, जळायला. लेकीची मेडिकलची मुलाखत हे सांगायचं कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण साताऱ्याहून निघताना माझ्या ट्रंकेत सगळ्यात जड सामान कोणतं होतं, ते मला एकटीला ठाऊक होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बारावी नावाची नवी परीक्षा नुकतीच सुरू झाली होती आणि आईबापांना तिची मुलांपेक्षा जास्त धास्ती होती. माझी चारू आणि कुसुमची सिंधू एकाच वर्षी बारावी झाल्या. दोघींनी वर्ध्याजवळच्या एकाच मेडिकल कॉलेजचा फॉर्म भरला, दोघी लेखी परीक्षेत उतरल्या आणि दोघींना एकाच दिवशी मुलाखतीचं बोलावणं आलं. चारूला बारावीत सिंधूपेक्षा नऊ गुण जास्त होते. गाडी पुलगावला पोचेपर्यंत हे आमच्या डब्यातल्या सगळ्या बायकांना माहीत झालं होतं. का झालं, ते सांगायला नको.

हे कॉलेज इतरांसारखं नव्हतं. तिथे नुसत्या गुणांवर भागत नसे. उमेदवाराच्या अंगावर खादी हवी, खेड्यात राहून काम करायची तयारी हवी, आणि लेखी परीक्षेत शरीर आणि रसायनं यांच्या जोडीला खादी-ग्रामोद्योगावरही उत्तरं लिहावी लागत. मुलाखतीत टकळीवर सूत काढून दाखवायला सांगतात, अशीही बोलवा होती. मी चारूसाठी पुण्याहून खादीची साडी आणली होती. पांढरी, लाल काठाची, आणि खळ अशी की ती नेसवायच्या ऐवजी भिंतीला टेकवून ठेवता आली असती.

पुलगाव

स्टेशनवर वामनराव घ्यायला आले होते. वामनराव म्हणजे कुसुमचे यजमान. उंच, काळेसावळे, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला. त्यांनी नमस्कार केला आणि माझ्या हातात एक कांदा ठेवला.

"हे काय?"

"कांदा जी, ताई. खिशात ठेवा. लू लागत नाई."

"मला खिसा कुठला?"

"मंग कंबरीले खोचा."

आमच्याकडे पाहुण्याला गजरा देतात, फार तर नारळ देतात. इथे जूनच्या उन्हात कांदा देतात. मला हसू आलं. दहा मिनिटं बसस्टँडवर उभी राहिले आणि हसू आटलं. ते ऊन वरून पडत नव्हतं, चारी बाजूंनी येत होतं, भाकरीला आच लागते तसं. मी मुकाट्याने कांदा कमरेला खोचला आणि चारूच्याही कमरेला खोचला.

आमचे वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. शेवटची काही वर्षं त्यांची बदली पुलगावला होती. माझं लग्न तोवर साताऱ्यात होऊन गेलं होतं. कुसुम मात्र त्यांच्याबरोबर इकडे आली आणि देवळीच्या शेतकरी घरात दिली गेली. मला पोस्टातला नवरा आणि दोन खोल्या मिळाल्या. तिला बावीस एकर काळी जमीन, विहीर, दोन बैलजोड्या आणि हा कांदेवाला देवमाणूस मिळाला. बरं, अकरावीला फर्स्ट क्लास कोणाला होता? मला. गणपतीच्या नाटकांत कामं कोण करायचं? मी. आणि बावीस एकर कोणाला?

देवळी

कुसुमचं घर विटांचं, ऐसपैस. अंगणात कडुनिंब आणि त्याखाली चार बाजा टाकलेल्या. खिडक्यांना वाळ्याच्या टट्ट्या. सिंधू त्यांच्यावर पाणी मारायची आणि गरम वारा आत येताना गार, सुगंधी होऊन यायचा. मी तिथे बसले आणि मनातल्या मनात साताऱ्याच्या आमच्या दोन खोल्यांची भाड्यासकट निंदा केली.

कुसुमने माझ्या गळ्यात हात टाकले. तिची भाषा पार बदलली होती. माझी सातारची बहीण आता बाई असून 'मी येतो, मी जातो' म्हणत होती. इकडे सगळ्याच बायका असं बोलतात.

"किती वाळली वो ताई तू! बस, मी च्या टाकतो."

वाळलेली मी नव्हते. हे ती प्रेमाने म्हणाली होती. माझी मुख्य तक्रार तीच होती: कुसुम सगळं प्रेमाने करायची. लहानपणी मी तिची बाहुली फोडली, तर तिने उरलेलं धड मला देऊन टाकलं होतं. असल्या बहिणीशी भांडायचं तरी कसं? चांगुलपणाची ती नुसती कोठी होती, आणि मी त्या कोठीच्या कडेला उभी राहून वाकून बघणारी.

जेवायला गोळाभात होता. भातात बेसनाचे मसालेदार गोळे शिजवलेले आणि वर लसूण-मिरचीची कडकडीत फोडणी. आमच्याकडे तूप जसं धार धरून वाढतात, तसं इकडे फोडणीचं तेल वाढतात. मी सातारची, तिखटाला भिणारी नव्हे, असं मी मोठ्याने जाहीर केलं. पहिल्या घासाला ठसका, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, आणि तिसऱ्या घासाला मी नाटकातल्या मरणाऱ्या राणीसारखी भिंतीला टेकले. कुसुमच्या सासूबाई समोर बसल्या होत्या. सगळं घर त्यांना बुढी माय म्हणायचं. त्या माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या.

"चांगलं झालं ना, बाई?"

"छान," मी म्हटलं. आवाज आला नाही, नुसते ओठ हलले.

"वाढ तिले," बुढी माय म्हणाली.

दुपारी मुली सूत काढायला बसल्या. सिंधू लुकडी, सावळी, मोजकं बोलणारी पोर. तिने टकळी मांडीवर फिरवली, कापसाचा पेळू वर उचलला आणि कोळ्याने काढावा तसा धागा निघू लागला. अखंड, बारीक. मग ती चारूच्या मागे बसली, तिचे हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाली, "घाई नको करू. कापूस आपल्यालेच सांगते किती द्यायचं ते." तासाभरात चारूचाही धागा निघायला लागला. मीही हात घालून पाहिला. माझ्या हातून निघालं त्याला धागा म्हणता आलं नसतं. ती शेवई होती, आणि तीही तुटकी.

मग सिंधूने मुलाखतीची साडी दाखवली. कापूस त्यांच्याच शेतातला. सूत बुढी मायने दोन हिवाळे कातलेलं. ते गावातल्या विणकराकडून विणून घेतलेलं. हाताला लागली तर दुधावरच्या सायीसारखी. मी चारूच्या भिंतीला टेकवलेल्या साडीकडे पाहिलं. उद्या मुलाखत घेणारे ही साडी बघतील, सूत बघतील, आणि माझ्या लेकीचे नऊ गुण कोपऱ्यात जाऊन बसतील, हे मला दिसायला लागलं.

"सिंधूची तयारी काय, आपोआपच झाली म्हणायची," मी म्हटलं. "चारूला बापडीला नऊ गुण जास्त मिळवावे लागले."

कुसुम हसली. "हुशारच हाय चारू. तुयासारखी."

बघा. असल्या बाईचं काय करायचं?

दिवेलागणीला शेजारच्या अंगणात बायका जमल्या होत्या. कुसुमने कौतुकाने सांगून ठेवलं होतं की माझी ताई नाटकात काम करते. मला आग्रह करावा लागत नाही. मी तिथे एका सवतीचं भाषण केलं, मग त्याच सवतीचं पश्चात्तापाचं भाषण केलं, मग लोकांनी मागितलं म्हणून पहिलं पुन्हा केलं. परत आले तेव्हा घरातली कामं आटपली होती. मी गेले असताना घरात काय झालं, ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

लिफाफा

सकाळी सातच्या एसटीने निघायचं होतं. कॉलेजात अकराला कागद तपासायचे होते. एक वाजता ती खिडकी बंद होणार होती, आणि ज्याचे मूळ कागद एकपर्यंत दाखवून झाले नाहीत त्याला मुलाखतीला घेणार नव्हते. पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं.

सगळे अंगणात गेले. मी निघताना देवाच्या पाया पडायला आत वळले. कुसुमचं देवघर म्हणजे भिंतीतला कोनाडा. त्यात टाक, समई, आणि मागे गणपतीची तसबीर. नमस्कार करून मान वर केली तर तसबिरीमागे एका लांब खाकी लिफाफ्याचं टोक दिसलं. टोकाला हळदकुंकू लावलेलं. लिफाफ्यावर शाळेच्या शिक्क्याचं निळं अर्धवर्तुळ दिसत होतं.

मला लगेच समजलं. शाळा सोडल्याचा दाखला. कुसुमने सिंधूचा दाखला देवापुढे ठेवला, आणि सकाळच्या गडबडीत घ्यायची विसरली.

मी हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं.

यावर मी तुम्हाला पुष्कळ सांगू शकते. घाई होती, एसटीचा हॉर्न ऐकू आला, मला वाटलं तो जुना कागद असेल. पण इतक्या वर्षांनी लिहायला बसले आहे तर खरंच लिहिते. मला ती सायीसारखी साडी दिसली. तो न तुटणारा धागा दिसला. आणि वाटलं, एकदा, फक्त एकदा, या घरात काहीतरी कमी पडू दे.

मी चप्पल घातली आणि बाहेर आले.

एसटीत कुसुम माझ्या शेजारी बसली. मांडीवर फुटाण्यांची पुडी. दोन्ही मुली पुढच्या बाकावर, डोक्याला डोकं लावून एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. बाहेर नांगरून ठेवलेली काळी शेतं, पाण्याची वाट बघत पडलेली. मी स्वतःशी म्हटलं, पुढचा फाटा आला की सांगायचं. फाटा आला, गेला. बरं, त्याच्या पुढचा. कुसुम नेहमी बडबड करणारी, पण तीही गप्प होती. मी म्हटलं, लेकीची काळजी. आम्ही दोघी वर्धा येईपर्यंत एकाच पुडीतले फुटाणे खात राहिलो.

खिडकीपाशी

कॉलेजच्या व्हरांड्यात मुलंमुली, आईबाप, सगळे खादीत. बगळ्यांची सभा भरावी तसे. चारूच्या साडीच्या लाल काठाने घामात रंग सोडायला सुरुवात केली होती. ती चालली की टाचेला आलता लावल्यासारखा दिसायचा. वामनराव फटफटीवरून मागून आले. सोबत डबा होता.

खिडकीत चष्मा लावलेले एक कारकून बसले होते. सिंधूचा नंबर आधी लागला. आता ते दाखला मागतील. आता कुसुम पिशवी चाचपेल. आता.

सिंधूने पिशवीतून खाकी लिफाफा काढला. कारकुनांनी दाखला पाहिला, खूण केली आणि परत दिला.

मला काही कळेना. मग तसबिरीमागे काय होतं?

"पुढची," कारकून म्हणाले. "गुणपत्रिका. हं. रहिवासी दाखला. हं. प्रकृतीचा दाखला. हं. शाळा सोडल्याचा?"

चारू पिशवीत हात घालून थांबली. मग तिने पिशवी उलटी केली. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग कुसुमकडे.

"मावशी, काल संध्याकाळी तुला दिला होता ना देवापुढे ठेवायला?"

काल संध्याकाळी मी शेजारच्या अंगणात सवतीचं भाषण करत असताना माझ्या बहिणीने दोन्ही मुलींचे दाखले देवापुढे ठेवले होते. भाचीला वगळून लेकीचाच ठेवावा, असं ते घर नव्हतं. आणि मी माझ्या हाताने, नव्हे, माझ्या मिटलेल्या तोंडाने, माझ्याच लेकीचं कॉलेज देवळीत ठेवून आले होते.

"मूळ दाखल्याशिवाय होत नाई, बेटा," कारकून म्हणाले. वाईट बोलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, इतकंच. सव्वाअकरा.

वामनरावांनी दुपट्टा आवळला. "फटफटीनं जाऊन येतो. कुठी हाय तेवढं सांगा."

आता गंमत बघा. मला जागा ठाऊक होती. पण सांगायची कशी? 'तसबिरीमागे' म्हटलं की सगळे विचारणार, तू पाहिलास तर आणला का नाहीस?

"मी येते," मी म्हटलं. "मला शोधता येईल."

"नको, मी जातो," कुसुम म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी जातो, तू बस."

"तू सिंधूपाशी थांब. मी जाते."

"ताई, ऊन पाह्य! तुले चक्कर येईन. मी जातो म्हणतो ना."

वामनराव दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "अवं, एकच बसंन मागं. फटफटी हाय, बैलाचं खाचर नाई."

मी त्यांच्या मागे जाऊन बसलेसुद्धा.

फटफटीवर

माझं वय तेव्हा पंचेचाळीस होतं आणि त्याआधी मी कधी फटफटीवर बसले नव्हते. वामनरावांनी आपला दुपट्टा काढून माझ्या डोक्याला बांधला, आणि वर विचारलं, "कांदा हाय ना?" कांदा होता. मी एका हाताने कांदा धरला, दुसऱ्या हाताने सीट धरली, आणि तोंडाने ज्या देवाला मी सकाळी फसवलं होतं त्यालाच धरलं.

वारा भट्टीतून यावा तसा होता. डोळे उघडले तर जळत, मिटले तर तसबीर दिसे. रस्त्यात एका बैलगाडीवाल्याने वामनरावांना विचारलं, "कोणाले घेऊन चालला, पाटील?" वामनराव ओरडले, "साळी हाय, बायकोची मोठी बहीण!" त्यावर तो गाडीवाला जे हसला, ते मला मागे फर्लांगभर ऐकू येत होतं.

देवळीत बुढी माय अंगणात वाती वळत बसली होती.

"काऊन वो बाई, परत काऊन आल्या?"

मी उत्तर न देता थेट कोनाड्याकडे गेले, तसबीर पुढे ओढली आणि लिफाफा काढला. आतून दाखला काढून पाहिला. वर चारूचं नाव, टपोऱ्या अक्षरात, आणि शिक्क्यावर कुंकवाचं बोट.

"तो हाय का?" बुढी माय दारातून म्हणाली. "मले वाटलं तो नको असंन. कुसुमनं सकाळी हाती घेतला, नाव पाह्यलं, अन् पुन्हा ठेवून देला मागं."

मी वळून पाहिलं. म्हातारी वात वळत होती. तिला वाटलं, तिने साधी माहिती दिली.

परतीची वाट

पहिले दोन कोस मी नुसती पेटलेली होते. माझ्या लेकीचा कागद! नाव वाचून! गळ्यात हात टाकणारी, च्या टाकणारी, चांगुलपणाची कोठी! वामनरावांच्या पाठीमागे बसून मी तिला सुनवायचं एक भाषण तयार केलं. कालच्या सवतीपेक्षा कितीतरी सरस.

तिसऱ्या कोसाला एक विचित्र गोष्ट झाली. मला हसू फुटलं. चाळीस वर्षं मी या बहिणीवर जळत होते आणि माझं सगळ्यात मोठं दुःख हे होतं की ती माझ्यावर कधीच जळली नाही. आमच्यातली वाईट मी एकटीच, असंच मी धरून चालले होते. आणि आता कळत होतं की ती एसटीत माझ्या शेजारी बसून, तेच फुटाणे खात, तोच फाटा पुढे ढकलत होती.

"काय झालं, ताई?" वामनराव ओरडले. "चक्कर येऊन राह्यली का?"

"नाही हो! चालवा!"

खिडकीपाशी पोचलो तेव्हा एकला बारा मिनिटं होती. कारकुनांनी दाखला उघडला आणि शिक्क्यावर बोट ठेवलं. मूळ कागदावर लाल डाग! त्यांनी कागद तिरपा धरला, फुंकर मारली, आणि समोरच्या गठ्ठ्याकडे मान हलवली.

"घाबरू नका बाई. आज अर्ध्याच्या वर दाखल्यांवर कुंकू हाय. एकावर तर अक्षता चिकटून आल्या."

खूण झाली.

दुपारी मुलाखती झाल्या. टकळी कोणी बाहेरसुद्धा काढली नाही. प्रत्येकाला विचारलं, तुमच्या गावात पिण्याचं पाणी कुठून येतं? सिंधूने विहीर सांगितली, तिची खोली सांगितली, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरतं ते सांगितलं, कोणत्या वस्तीतल्या बायका कुठून पाणी भरतात आणि कोणत्या महिन्यात पोरांची पोटं बिघडतात तेही सांगितलं. माझ्या हुशार लेकीने सांगितलं, "नळातून." ते खरं होतं. आम्हाला नळ होता. आयुष्यात पहिल्यांदा मला विहिरीचाही हेवा वाटला.

मुली आत असताना आम्ही दोघी बाहेर कडुनिंबाखाली डबा उघडून बसलो होतो. कुसुम भाकरीचा तुकडा मोडत होती, खात नव्हती.

"कुसुम, सकाळी तो लिफाफा तुझ्या हातात होता."

तिचा हात थांबला. "हाव."

"चारूचा आहे हे माहीत होतं?"

"हाव. नाव वाचलं मी." मग तिने वर पाहिलं. "पण ताई, तू कायले गेली फटफटीवर? ह्यांले जागा सांगितली असती. नाई सांगितली. म्हणजे तू बी पाह्यला होता."

माझं तयार भाषण तिथल्या तिथे वितळलं. "पाहिला होता."

"अन् आपल्याच पोरीचा कागद ठेवून आली?"

"मला वाटलं, सिंधूचा आहे."

मग तिने पदर तोंडात धरला आणि खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. हसत होती. इतकी, की भाकरी मांडीवरून खाली गेली.

"बाप्पा! मी तुयी पोट्टी बुडवत होतो, अन् तू बी तुयीच बुडवत होती! बिचारी चारू!"

मग आम्ही भांडलो. माझं म्हणणं, तिचं पाप मोठं, कारण तिने नाव वाचून केलं. तिचं म्हणणं, माझं पाप मोठं, कारण मी चुकले म्हणून ते कमी होत नाही.

"पण का, कुसुम? तुला काय कमी होतं?"

तिने डोळे पुसले. आणि बोलली ती एकदम आमच्या माहेरच्या बोलीत, जी मी वीस वर्षांत तिच्या तोंडून ऐकली नव्हती. "ताई, बाबा मला पुलगावहून पत्र लिहायचे. माझं लग्न झालं, दोन लेकरं झाली, तरी प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहायचे, 'कुसुम, ताईसारखं अक्षर काढत जा.' आता तू आलीस, आणि आल्यापासून चार वेळा ते नऊ गुण सांगितलेस."

"पाच वेळा," मी म्हटलं.

आम्ही भाकरीवरची माती झटकली आणि ती अर्धी अर्धी खाल्ली.

साताऱ्याला

महिन्याभराने कुसुमचं कार्ड आलं. सिंधूला प्रवेश मिळाला होता. चारूचं नाव प्रतीक्षायादीत होतं, आणि ती यादी तिच्यापर्यंत आलीच नाही. चारू दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी तिने पुन्हा पुस्तकं काढली. मी कुसुमला लगेच उत्तर लिहिलं. आधी सिंधूला आशीर्वाद लिहिले. मग लिहिलं, "खूप जळले. दोन दिवस जेवण गेलं नाही."

उलट टपाली तिचं कार्ड: "वास इथवर आला. जीव थंड झाला."

पुढच्या वर्षी चारूला आमच्या बाजूच्या एका मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. तिथे खादी लागत नव्हती, विहिरीचं कोणी विचारलं नाही, नुसते गुण पाहिले. प्रवेशाला निघताना मी तिचा दाखला स्वतः देवापुढे ठेवला, स्वतः उचलला, आणि घरातल्या सगळ्या तसबिरींच्या मागे हात घालून पाहिला. शिक्क्यावर जुनं कुंकू अजून पुसट दिसत होतं.

पेढे वाटायच्या आधीच मी देवळीला कळवलं होतं. आठवड्याने एक पार्सल आलं. आंब्याच्या लोणच्याची बरणी, इतकी तिखट की बूच उघडताच शेजारीण शिंकली. सोबत कार्ड होतं. कुसुमने ते फार काळजीपूर्वक, टपोऱ्या, गोल अक्षरात लिहिलं होतं, हुबेहूब माझ्यासारख्या.

"चारूला आशीर्वाद. आता मायी पाळी. लय जळून राह्यलो."